देठ नसलेलं पान

अप्पा, काल तुमचं कापड पाहिलं. मिशनच्या मोठ्या चर्चला लागून एक खोली आहे, तिथं आता जुनी चित्रं, क्रूस, पितळी दिवे आणि वेदीवर घालायची वस्त्रं मांडून ठेवलीत. मी शाळेत मुलींना शिवण शिकवते, म्हणून सातआठ जणींना घेऊन गेले होते. शेवटच्या भिंतीवर काचेमागं तुमचं पांढरं वस्त्र होतं, काठाला लाल द्राक्षवेल. मला हसूच आलं. शहाण्यांनी ते उलटं टांगलं होतं.

तुम्हालाही विणताना तीच बाजू दिसायची, नुसता दोऱ्यांचा गुंता. सुलटी बाजू मागावर खाली असायची, ती वेल दिसायची मला, मागाच्या खड्ड्यात तुमच्या पायांशी बसून वर बघताना. साहेबाच्या देवाचं कापड विणतो म्हणून गल्लीनं तुम्हाला नावं ठेवली, तर तुम्ही म्हणालात, "देव कुणाचा का असंना, काठ माझा हाय." वीतभर विणून झालं की तुम्ही वरून विचारायचात, "बरं हाय का गं?" आणि मी खालून म्हणायचे, "बरं हाय." एकदा मी चूक दाखवली होती, तेव्हा तुम्ही दिवसभराचं काम मुकाट्यानं उकललं होतंत. म्हणून त्या दुपारी एका पानाला देठ नाही हे दिसलं, तरी मी "बरं हाय"च म्हणाले. संध्याकाळी गड्ड्याच्या जत्रेला जायचं होतं. जत्रेत तुम्ही मला रंगीत भिंगरी घेतलीत, माझ्या डोळ्यांचं बक्षीस म्हणून. पुढं मरेपर्यंत येईल त्याला सांगत राहिलात, "त्यात एक चूक न्हाय. माझ्या पोरीनं बघितलंय."

काल गप्प राहिले असते तर तुमचा शब्द राहिला असता. उलटीकडून ते पान कुणाला ओळखू आलं नसतं. पण मग तुमची वेलही कुणाला दिसली नसती, आणि ते मला खपणारं नव्हतं. मी राखणदाराला कापड फिरवायला सांगितलं. मिशनच्या साहेबांनी स्वतः लावलंय म्हणून तो कुरकुरला. विणणाऱ्याची मुलगी येऊन सांगून गेली असं साहेबांना सांगा, म्हटल्यावर त्यानं काच काढली. वेल समोर आली तशा मुली पुढं सरकल्या. सगळ्यांत लहान होती तिनं लगेच बोट दाखवलं.

"बाई, ह्या पानाला देठच न्हाय."

"नाही," मी म्हणाले. "विणणाऱ्याला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी सांगितलं नाही."

का, म्हणून तिनं विचारलं, तर जत्रेचंही सांगून टाकलं. अप्पा, चारचौघांत बोलताना मला लाज वाटली नाही, उलट हलकं वाटलं. आता तुमचं वस्त्र सुलटं आहे, चुकीसकट, आणि त्या भिंतीवर त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

हे पत्र धाडायचं कुठं? शिवणाच्या डब्यात ठेवते. फक्त एक राहिलं. ती भिंगरी हरवली म्हणून मी रडले होते, आणि तुम्ही माग सोडून अर्धा दिवस गल्लीभर शोधत फिरलात. ती हरवली नव्हती. मीच ती मागाच्या खड्ड्यात पुरली होती. पुढची सगळी वर्षं तुम्ही तिच्यावर पाय ठेवून विणत होतात.