‘वाटतं’वर मारलेली काट

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आज एक प्रश्न असा पडलाय की तुमच्याशिवाय कुणाला विचारू? माढ्याजवळच्या आपल्या शाळेत चौथीला तुम्ही शेळीची माहिती लिहायला लावली होती. मी लिहिलं, ‘शेळी फार गरीब प्राणी आहे असं मला वाटतं.’ तुम्ही ‘वाटतं’वर लाल काट मारलीत. “गरीब कशावरून गं? परवा तुझी टोपी तिनंच चावली ना?” अख्खा वर्ग खिदळला आणि माझा असा संताप झाला म्हणता! मग तुम्ही शांतपणे सांगितलंत, माहिती लिहिताना दुसऱ्याला पडताळून बघता येईल तेवढंच लिहायचं. आपलं मत निबंधात.

आता कुंभारी गावच्या शाळेत मी हेच शिकवते. आज विषय होता कडक भाकरी. एकानं लिहिलं, ‘आमची भाकरी जगात भारी.’ म्हटलं, “जग बघितलंस का रे?” तर म्हणतो, “मोबाईलवर बघितलंय की, बाई!” शेवटी ‘ही भाकरी ज्वारीची असते आणि बरेच दिवस टिकते’ इथवर गाडी आणली.

शाळा सुटल्यावर सातवीतल्या एका मुलीचे वडील आले. पुढच्या वर्षी तिला घरीच बसवायचं म्हणाले. मी तयारीतच होते. गणितात पुढे आहे, शाळा बुडवत नाही, धाकट्यांना वाचायला शिकवते, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “ते समदं खरं हाय. पन बाई, तुमाला काय वाटतं?”

एकदम चौथीचा वर्ग समोर आला. माझे वडील, अण्णा, दारात उभे आहेत, मला शाळेतून काढायला आलेत. तुम्ही म्हणताय, “हिला शिकवा, ही पुढं जाईल.” अण्णा विचारतात, “कशावरनं म्हंता, बाई?” मी कान टवकारलेले. माझे मार्क तर बेताचेच, आता बाई सांगणार तरी काय? तुम्ही म्हणता, “मला वाटतं.” एवढंच! अण्णा “बरं,” म्हणतात आणि जातात.

त्या एका शब्दावर मी शिकले, बाई. तुम्हाला माझ्यात काय दिसलं होतं? आजवर मी धरून चालले होते की तुम्हाला नक्की काहीतरी ठाऊक असणार. आज त्या माणसापुढे मीही म्हणाले, “मला वाटतं, तिला शिकवा.” म्हणताना ती पुढं जाईलच की नाही, मला ठाऊक नव्हतं. “बघतो की,” म्हणून ते गेले. पोरगी पुढच्या वर्षी वर्गात दिसेल का, देव जाणे.

तुम्हालाही तेव्हा नव्हतं का? नसणार. तुम्हाला माझ्याबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, तरी ‘मला वाटतं’ म्हणालात. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे, म्हणून सांगून टाकते, मला ते फार आवडलं.