मुकादमावर चढाई

१२ जून, गुरुवार

गुडघा साठ अंश. प्रितीने पट्टी लावून मोजला आणि तोंड वाकडं केलं. ही फिजिओथेरपीवाली पोरगी, रोज सकाळी अकराला येते. म्हणाली, "काकू, ऑपरेशनला दहा दिवस झाले. तुम्ही मागून व्यायाम करतच नाही."

करते की. ती समोर असते तेव्हा करते.

डॉक्टरांचा निरोपही तिनेच दिला. चौदा जुलैपर्यंत नव्वद अंश वाकला नाही तर पुन्हा आत न्यायचं, भूल द्यायची आणि धरून वाकवायचा. म्हटलं, बघू. लालबागच्या संघाकडून सात वर्षं कबड्डीच्या चढाया केल्यात मी. त्याच जोरावर पोस्टात लागले. असल्या गुडघ्याला मी घाबरत नाही.

पुन्हा त्या पांढऱ्या दिव्याखाली मात्र जायचं नाही मला. हे इथेच लिहून ठेवते. लेकाला, वैभवला, बोलायचं नाही.

१५ जून, रविवार

झोपून काढला दिवस. बाराव्या मजल्यावरून काळाचौकी दिसते, पण त्यासाठी उठून खिडकीशी जावं लागतं. गेले नाही.

१७ जून, मंगळवार

मनालीचं ऑफिस घरूनच, तीनला सुरू होतं. त्याआधी एक ते तीन ती हॉलमधल्या कॉम्प्युटरवर गेम खेळते. लग्न होऊन आली तेव्हा मी वैभवला म्हटलेलं, तुझी बायको दिवसाढवळ्या राक्षस मारत बसते. तिने ऐकलं होतं.

आज पलंगावरून बघत होते. तिची बाई भाला घेऊन एका तळघरात शिरते. आत एकट्यानेच जायचं, सोबत कुणाला नेता येत नाही. शेवटच्या दालनात एक धिप्पाड माणूस, हातात घण. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक. मी त्याला मुकादम म्हणते, कारण चालतो तसाच! आजोबांच्या मिलमधला मी लहानपणी पाहिला होता.

मनाली चार वेळा गेली, चारही वेळा मेली. त्याचा जीव अर्ध्याच्या खाली येतच नाही.

पाचव्या वेळी मला राहवलं नाही. म्हटलं, "अगो, त्याच्या हाताकडे काय बघतेस? पाय बघ. घण मारायच्या आधी डावी टाच ओढतो तो."

तिने मान वळवली. "कुठे?"

"इथून दिसतं मला. तुला पुढ्यात बसून दिसत नाही?"

"नाही दिसत, आई. तुम्हीच दाखवा."

उठले. वॉकर घेऊन हॉलपर्यंत गेले. बावीस पावलं.

१८ जून, बुधवार

तिने मला वेगळी बाई काढून दिली आहे. हलकी, चपळ, हातात दोन सुऱ्या. ढाल घेतली नाही मी. चढाईला जाताना कोण ढाल नेतं?

हातातला तो रिमोट दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा. तीस वर्षं शिक्के मारलेत, अंगठे तयार आहेत. तरी पहिल्या दिवशी भिंतीवर आपटण्यातच वेळ गेला. मुकादम अजून लांब आहे, आधी छोटी भुतं.

मनालीने नियम घातला. हरलं की दहा वेळा गुडघा वाकवायचा. मी म्हटलं, "मग तुझाही." "हो, माझाही." म्हणजे आता मुकादमाने तिला मारलं की तीही खुर्चीत बसून पाय मागे ओढते. बघायला मजा वाटते.

मी हुशारी केली आहे. मी कमी हरणार, म्हणजे व्यायामही कमी.

२१ जून, शनिवार

एकवीस वेळा हरले. दोनशे दहा.

२३ जून, सोमवार

चौऱ्याहत्तर अंश. प्रितीने दोनदा पट्टी लावली. "काय केलंत, काकू?"

"काही नाही."

२६ जून, गुरुवार

आज पहिल्यांदा मुकादमापर्यंत पोचले. दहा सेकंदांत गेले, पण घाबरले नाही. आत पाऊल टाकलं आणि एकदम ओळखीचं वाटलं. समोरच्याचं अंगण, तिथे आपण एकटे. त्याला हात लावायचा आणि जिवंत परत यायचं, बस. मैदानात मी हेच करत होते.

त्याचे तीन डाव आहेत. घण सरळ आला की बाजूला व्हायचं. आडवा फिरवला की खाली बसायचं. जमिनीवर आपटला की उडी. मनालीला अजून दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक कळत नाही. रोज खाली बसायच्या वेळी उडी मारते. दोन वर्षं खेळतेय पोरगी! सांगून सांगून थकले.

३० जून, सोमवार

गुडघा सुजला. कलिंगडासारखा. वैभव ऑफिसमधून आला आणि मनालीवरच भडकला. "आईला काय नादी लावलंयस? डॉक्टरने खेळायला सांगितलंय का?" ती बर्फाची पिशवी धरून उभी राहिली.

मीही कुढलेली होते. पाय ठणकत होता. बोलून गेले, "स्वतःला जमत नाही ते माझ्याकडून करून घ्यायला बघतेस."

तिने पिशवी गुडघ्यावर नीट बसवली आणि आत गेली.

१ जुलै, मंगळवार

प्रिती म्हणते, सूज येणारच, पाय वर ठेवा, दोन दिवस कमी करा. बंद करू नका.

मनाली एक ते तीन खेळली नाही. आतल्या खोलीत होती. हॉलमधली खुर्ची रिकामी. फार वाईट दिसते.

२ जुलै, बुधवार

एकला मीच जाऊन बसले. कॉम्प्युटर लावता येईना. हाक मारली, "मनाली, हे बटण कुठलं गो?"

आली. बटण दाबलं. माझ्या पायाखाली स्टूल सरकवलं.

म्हटलं, "परवा बोलले ते चुकलं माझं."

"जाऊ दे, आई. आज कोण आधी?"

"तू. तुझं बघून मला कळतं काय करायचं नाही ते."

हसली. गेली आणि चौथ्या मिनिटाला मेली. दहा वेळा पाय मागे ओढला, इमानेइतबारे.

७ जुलै, सोमवार

शहाऐंशी! चार अंशांचा प्रश्न आहे. मुकादमाचाही पाव जीव उरतो आता. दोघं एकदमच पडणार असं दिसतंय.

९ जुलै, बुधवार

पाव जीव उरला की तो डाव बदलतो, हे मला आज समजलं. खेळता खेळता मनाली मागून हळूच म्हणाली, "आता दिवे जातील." आणि गेलेच. ती स्वतः कधी इथवर पोचली नाही. कुठेतरी व्हिडिओ बघितला असेल.

अंधारात दोन पहारेकरी येतात, हातात हात धरून. साखळी! मला हसूच आलं. त्या पोरांनी गेम बनवताना कबड्डी पाहिली होती की काय कोण जाणे. हसण्याच्या नादात पकडले गेले.

पण आता तो माझा आहे. साखळीने कुणी घाबरवू नये मला.

११ जुलै, शुक्रवार

सहा वेळा हरले. सहाही वेळा साखळीत. सगळे मागे पळतात, मीही पळत होते, ती चूक. मागे भिंत आहे. साखळी अंगावर आली की तिच्याकडेच जायचं असतं. एका बाजूला हूल द्यायची, दोघांचे हात ताणले जातात, आणि जिथे हात जुळलेत तिथून वर. ऐंशीच्या दशकात मला हे झोपेत येत होतं. अंगठ्यांना अजून समजवायचं आहे.

१३ जुलै, रविवार

पाडला.

नीट लिहिते. सकाळचे साडेदहा. वैभव घरी, पेपर घेऊन बसलेला. मनाली माझ्या मागे उभी. म्हणाली, "आज मी बोलणार नाही काही." मी म्हटलं, "बोलूच नकोस."

पहिला अर्धा जीव मी त्याचा हसत हसत घेतला. टाच ओढली, बाजूला. खांदा फिरला, खाली. मग एक घण लागला, चुकून नाही, हावरेपणाने. एक वार जास्त करायला गेले. माझा जीव निम्म्याच्या खाली. वैभवने पेपर ठेवला.

दिवे गेले. पहारेकऱ्यांच्या पायांचा आवाज दोन्हीकडून. तोंडातून आपोआप कबड्डी कबड्डी निघत होतं, हे वैभवने नंतर सांगितलं, मला कळलंच नाही. उजवीकडे झुकले. दोघंही उजवीकडे ओढले गेले. मग मधोमध गेले आणि उडी. पाठीमागे साखळी एकमेकांवर आपटली. समोर मुकादम, उघडा, घण वर. डावी टाच ओढायच्या आत दोन्ही सुऱ्या. एक, दोन, तीन. बसला तो गुडघ्यांवर. मग आडवा.

मग वैभव म्हणाला, "आई, तू उभी आहेस."

खरंच उभी होते. वॉकर खुर्चीच्या मागे. कधी उठले कळलं नाही.

मनाली रडत होती. म्हटलं, "वेडी का काय तू? आता तुझी पाळी. टाच बघ, साखळीत मध्ये घुस. तुलाही जमेल."

"हो, आई," म्हणाली.

१४ जुलै, सोमवार

सत्त्याण्णव. डॉक्टर म्हणाले, आत न्यायची गरज नाही.

१६ जुलै, बुधवार

मुकादमाला पाडणाऱ्यांची नावं गेममध्ये एका चौकातल्या भिंतीवर असतात, तारखेसकट. आज एकटी बसून माझं नाव बघायला गेले. हजारो नावं. ओळखीची तेवढी दाखव, असं बटण सापडलं. दाबलं. दोनच उरली.

माझं, तेरा जुलै.

मनालीचं, एकोणीस एप्रिल.

माझं ऑपरेशन दोन जूनचं. म्हणजे ती माझ्यासमोर जेवढ्या वेळा हरली —

अजून तिला काही बोलले नाही. चहा मात्र मी उभी राहून केला, आणि तिच्या टेबलापर्यंत मीच नेला.