दीर्घ रू

प्रिय रुचा,

मेपलची पेटी, शहाण्णव खणांची, वर काचेचं उतरतं झाकण. आत हिरवं मखमली अस्तर. किमतीच्या चिठ्ठ्या, सगळ्या सव्वा इंच बाय पाऊण. तुझे पाय लोंबकळू नयेत म्हणून केलेलं स्टूल. आणि आजच पुरी झालेली, एकाच कार्डाच्या मापाची अक्रोडाची चौकट. हे सगळं माझ्या हातचं. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही, बेसबॉलही नाही. बेसबॉल मी खेळाडूंच्या फोटोंच्या छापील कार्डांमागचे आकडे वाचून शिकलो. तुझी आई म्हणते, स्वतः चुकत शिकलास, पण दुसऱ्याची चूक तुला खपत नाही.

गेल्या रविवारी पार्सिपनीच्या कार्ड शोला, या कार्डांच्या बाजाराला, टेबल लावलं होतं. सत्त्याण्णव साली मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हॉटेलच्या दारापासून पार्किंगपर्यंत रांग होती. तू यायला लागलीस तोवर जो तो घरबसल्या इंटरनेटवर विकायला लागला होता. हॉटेल सुटून शो फायरहाउसच्या, म्हणजे बंबवाल्यांच्या, हॉलमध्ये आला होता; अकरा टेबलं, आणि गिऱ्हाईक म्हणून आम्हीच एकमेकांचे. तू डोनट खात खाडखाड जाहीर करायचीस की आज माणसांपेक्षा खुर्च्या जास्त आहेत. सगळे हसायचे. मग लॉकडाउनमध्ये लोकांनी जुनी खोकी उघडली, आणि आता पुन्हा रांग. फक्त कार्ड उलटून मागची बाजू कुणी वाचत नाही. फोन धरतात, भाव बघतात, पुढे जातात.

वीर म्हणून तिशीतला एक व्यापारी येतो. मला काका म्हणतो, पेटीच्या बिजागऱ्या कुठून आणल्या विचारतो, म्हणून आवडतो. कोपऱ्यातल्या खणात मी एक कार्ड नेहमी पालथं ठेवतो, ते त्यानं उचललं. आपल्या लाडक्या शॉर्टस्टॉपचं, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या त्या खेळाडूचं, त्याच्या पहिल्या वर्षीचं.

तुला आठवत असेल. सात वर्षांची होतीस. मराठी शाळेत रेखाताईंनी सांगितलं होतं, आपल्या वस्तूवर आपलं नाव घालावं. आणि मीच आदल्या दिवशी म्हणालो होतो, हे कार्ड तुझं. तू निळ्या बॉलपेननं त्याच्या छातीवर नाव लिहिलंस आणि शोमध्ये मला दाखवायला आणलंस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "एक तर कार्डाची वाट लावलीस, आणि वर नावही चुकीचं. तुझा रु ऱ्हस्व आहे." पुढच्या शोला तू आली नाहीस. नंतर कधीच नाही. शाईचं वाईट आठवडाभर वाटलं. ऱ्हस्वाचं वीस वर्षं वाटतंय.

मागे तू तुझ्या घरून, अल्फारेटाहून, फोनवर विचारलंस, बाबा, अजून कशाला जातोस तिथं? मी टाइमपास म्हणालो. ते स्टूल अजून गाडीत असतं, हे सांगितलं नाही.

चौकट या पत्रासोबत पाठवतोय. कार्ड आत आहे, ते तुझंच होतं. खालच्या पट्टीवर नाव कोरलंय, तू लिहिलं होतंस तसं, दीर्घ. तुझं अक्षर भिंगातून बघून उतरवलंय, वळण कुठेही सुधारलेलं नाही. वीर म्हणत होता, "काका, ही शाई काढता येते. मग बघा भाव." शाईसकट, जागच्या जागी, तो चार हजार दोनशे डॉलर द्यायला तयार होता. मी नाही म्हणालो.

तुझाच,
बाबा