साहेबांच्या बंगल्यावर तू जे मागितलंस

अव्वा, गेल्या महिन्यात एका लग्नाला सोलापूरला गेले होते. मांडवात एक म्हातारे गृहस्थ लांबूनच माझ्याकडे बघत होते. जवळ आले आणि म्हणाले, तुम्ही कोच अप्पांच्या थोरल्या ना? मी ओळखलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, की मी मिलच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, तुमच्या घरात लई भाकरी खाल्ल्यात. तेव्हा त्या सुरकुत्यांमधून तो उंच, काटकुळा मुलगा मला दिसला. साचेखात्यात मागावर काम करायचा, घरी तेलुगू बोलायचा आणि तुला मात्र आमच्यासारखंच कानडीत अव्वा म्हणायचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, अप्पांना काढलं ते लई वाईट झालं बघा. मागनं कुणी काड्या केल्या, शेवटपर्यंत कळलंच न्हाय." मी हातात जिलेबीची बशी धरून उभी होते. जाऊ द्या आता, एवढंच म्हणाले. अकलूजला परत येईपर्यंत बसमध्ये मी तुझ्याशी बोलत होते. घरी आल्यावरही ते थांबेना, म्हणून लिहायला बसले.

अप्पांना काढलं त्या वर्षी पाऊस नव्हता. मैदानाची माती भाजल्यासारखी झाली होती आणि अप्पांची टीम एकामागून एक सामने हरत होती. चांगले खेळणारे दोघं-तिघं पुण्या-मुंबईच्या टीमनी नोकरी देऊन नेले होते. उरलेली पोरं रातपाळी करून, न झोपता मैदानावर यायची. अप्पा स्वतः जन्मभर मिलच्या गोदामात राबलेले. तरुणपणी याच टीमचे सेंटर हाफ होते, गुडघा गेला आणि मग कोच झाले. हरण्याची ही कारणं त्यांना पाठ असणार, पण त्यांच्या तोंडून मी ती कधी ऐकली नाहीत. सामना संपला की ते पोरांना घेऊन थेट घरी यायचे आणि दारातूनच तुला म्हणायचे, "पोरं दमल्यात, वाढ काहीतरी." तू पीठ मळायला घेतेस. भाकऱ्यांची चळत वाढत जाते, पोरं खाली मान घालून शेंगाचटणी आणि पिठलं ओरपतात, अप्पा भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत बसतात. स्वतः मात्र नंतर जेवतो म्हणतात आणि जेवत नाहीत. हे त्यावेळी तुला दिसत होतं. मला ती गर्दी, घामाचा वास आणि सोमवारी शाळेत काय ऐकावं लागणार, एवढंच दिसत होतं.

मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. सोमवारी सकाळी शाळेचा शिपाई घंटा द्यायच्या आधी विचारायचा, "काय बाई, काल कितीनं?" शिक्षकांच्या खोलीत सगळे हसायचे. वाईट हेतूनं नसेल, पण माझे कान तापायचे. चाळीतल्या नळाजवळच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं 'कोच बदला' असं ठळक लिहिलं होतं. तुला मराठी वाचता येत नव्हतं. कळशी भरता भरता तू मला विचारलंस, काय लिवलंय ते? मी म्हटलं, मॅचची वेळ आहे. बरं, म्हणालीस. ती अक्षरं तशीच राहिली आणि तू रोज त्यांच्यासमोर उभी राहून पाणी भरलंस. ओला बोळा घेऊन मी ती पुसू शकले असते. पण पुसताना कुणी बघितलं तर मी कोचची मुलगी म्हणून आणखी ठळक दिसले असते.

पुढं मिलच्या क्रीडा समितीत बोलणं सुरू झालं, की कोच ठेवायचा की बदलायचा. चाळीतही दोन तट पडले. नवा माणूस आणा म्हणणारे होते, तसे हा माणूस गेला तर टीमच राहणार नाही म्हणणारेही होते. बदलायचंच ठरत आलं होतं. तेव्हा कॅप्टन सगळ्या पोरांना घेऊन वेल्फेअर ऑफिसर साहेबांकडे गेला. अप्पा नसतील तर आम्ही बूट काढून ठेवतो, असं सांगून आला. साहेबांनी शब्द दिला, आणखी एक वर्ष अप्पाच. त्या संध्याकाळी पोरं पेढे घेऊन आली. किती दिवसांनी अप्पा हसले. एकेकाच्या पाठीवर थाप मारत होते. मलाही बरं वाटलं. वडील कोच राहिले याहून जास्त, त्यांना काढलं हे आता शाळेत ऐकावं लागणार नाही याचं. तुझ्या हातात कॅप्टननं पेढा ठेवला. तू तो देवापुढं ठेवलास आणि चुलीकडे वळलीस. दोन दिवसांनी मला म्हणालीस, रविवारी साहेबाच्या बंगल्यावर जायचंय, चांगलं लुगडं नेसून मी येते, तू बरोबर चल. साहेबाचं शुद्ध मराठी मला कळत न्हाय, माझं त्यांना कळणार न्हाय. आणि अप्पांना सांगू नकोस.

मला वाटलं, तू आभार मानायला निघालीस. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. तू काहीच बोलत नव्हतीस, पदर डोक्यावर घट्ट ओढून चालत होतीस. साहेब पुण्याकडचे, सभ्य माणूस. व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी तुला खुर्ची दिली, तू तिच्या कडेला टेकलीस. मी उभी राहून माझं वाक्य सुरू केलं, की आपण वडिलांवर जो विश्वास दाखवलात त्याबद्दल. तू माझा हात धरलास आणि मला थांबवलंस. मग कानडीत, हळू आवाजात बोललीस. मी ऐकलं आणि तुझ्याकडे बघत राहिले. तू तेच पुन्हा बोललीस. साहेब म्हणाले, काय म्हणतायत आई? आई तुमचे उपकार मानतेय, असं मी म्हणू शकले असते. साहेबांना काय कळणार होतं. तू मराठीत म्हणालीस, "सांग की त्यांना." आणि मी सांगितलं.

"आई म्हणतेय, वडिलांना काढून टाका."

साहेबांनी पेपर बाजूला ठेवला. यानंतर तू मला मधे येऊच दिलं नाहीस. तुझ्या मोडक्या मराठीत तूच बोलायला लागलीस. "सायेब, रातचं बसून झोपतेत. डावा हात दाबून धरतेत. मॅचच्या दिवशी तोंड काळंनिळं पडतंय. मी बघते की, मैदानाच्या भिंतीपाशी हुबी राहून. दवाखान्याला चला म्हटलं की म्हनतेत, शिजन संपू दे. तुमचा शिजन संपतच न्हाय, सायेब."

साहेब म्हणाले, असं असेल तर तब्येतीच्या कारणानं त्यांना मोकळं करू, पोरांनाही ते पटेल. तू मान हलवलीस. "तसं नको. आजारी म्हटलं तर गोदामातनं बी काढतील. आन् आजारी हाय म्हटल्यावर ते हाय खाऊन बसतील. हरले म्हनून काढा. हरल्यालं तेंनी लई बघितलंय, तेवढं सोसतेत."

साहेब उठून व्हरांड्याच्या कठड्यापाशी गेले. मग म्हणाले, पोरांना मी शब्द दिलाय, बाई. त्यावर तू म्हणालीस, "पोरांना दुसरा कोच मिळंल, सायेब." पुढचं वाक्य तू बोलली नाहीस. मलाही ते बोलून दाखवायची गरज पडली नाही.

परत येताना मी तुझ्यापुढं भराभर चालत होते. तू मागून येत होतीस, तुझ्या पायातली चप्पल तुटली होती हे मला घरी आल्यावर कळलं. वळणावर थांबून मी तुला म्हटलं, त्यांची अब्रू तू स्वतःच्या हातानं घालवलीस, तुला लाज कशी वाटली नाही? तू धापा टाकत होतीस. "अब्रू घेऊन काय करू," म्हणालीस, "मला मानूस पायजे की." रस्त्यावर लोक होते. मी मान वळवली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी अप्पांना बोलावून घेतलं. अप्पा घरी आले, हातपाय धुतले, खाली बसले आणि मला म्हणाले, टीम बदलतायत. थोड्या वेळानं म्हणाले, कोच बदलतायत. पोरं चिडून आली. बूट काढून ठेवतो म्हणाली. अप्पांनीच त्यांची समजूत घातली. नव्या माणसाचं ऐका, माझं जमलं नाही, एवढंच आहे. माझं जमलं नाही हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं आणि नंतर ते त्यांच्या तोंडात बसलं. तू सगळ्यांना वाढत होतीस. कॅप्टन रडत होता, तू त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकलीस. मला तुझ्या हातांची किळस आली. हे लिहिताना पेन थांबतंय, पण आली होती.

महिनाभरात तू अप्पांना सरकारी दवाखान्यात नेलंस. आता नाही म्हणायला सीझन उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, एक झटका येऊन गेलेला दिसतोय, उन्हातली धावपळ आणि आरडाओरडा वेळेवर बंद झाला ते बरं झालं. मी तिथं होते. तू माझ्याकडे बघितलंस. विजय मिळाल्यासारखं नाही, नुसतं बघितलंस, की बाई, ऐकलंस ना? मी डॉक्टरांना गोळ्यांच्या वेळा विचारायला लागले. तेव्हा तुझ्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. तुझं बरोबर होतं हे मला त्या खोलीत कळलं, आणि ते कळल्यामुळे माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

पुढच्या वर्षी तीच पोरं जिंकली. अप्पांनीच घडवलेली, त्यांना पास कसा द्यायचा ते शिकवलेली पोरं. चाळीत हलगी वाजत आली. अप्पा दारात उभे राहून बघत होते. आत येऊन म्हणाले, "बघितलंस? मीच आडवा येत होतो." तुझा हात भाकरीवरच थांबला. तव्यावरची भाकरी करपली, घरभर धूर झाला. तू काही बोलशील असं मला वाटलं. तू ती भाकरी खाली उतरवलीस आणि करपलेला भाग काढून स्वतःच्या ताटात घेतलीस. त्यानंतर अप्पा मैदानाच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. कामावर जाताना लांबचा फेरा घालायचे. तू त्यांना माणूस म्हणून वाचवलंस आणि कोच म्हणून ते स्वतःच्या मनातून कायमचे उतरले. दोन्ही गोष्टी तुझ्यासमोर रोज जेवायला बसत होत्या आणि तू दोन्हींना वाढत होतीस.

माझं लग्न होऊन मी अकलूजला आले. ह्यांची साखर कारखान्यात नोकरी, भोवती ऊस, पाण्याला कमी नाही. तू यायचीस तेव्हा कडक भाकऱ्यांचं गाठोडं आणायचीस. मी शेजारणींशी तुझी ओळख करून द्यायचे, पण तुझ्यासमोर फार बसायचे नाही. शाळेचं काम आहे म्हणायचे. तू एकदा विचारलंस, माझ्यावर अजून राग हाय का? मी म्हटलं, कसला? तू हसलीस आणि माझ्या मुलाला मांडीवर घेतलंस. तो विषय आपल्यात तेवढाच निघाला. मग कावीळ झाली आणि तू अप्पांच्या आधी गेलीस. ज्या माणसाची तुला इतकी धास्ती होती, तो तुझ्यामागं कितीतरी वर्षं चालत-फिरत राहिला.

अप्पा शेवटी माझ्याकडेच होते. माझ्या मुलाला चेंडू अडवायला शिकवायचे आणि सांगायचे, "तुझा आजा खेळाडू बरा होता, कोच वाईट." एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "खरं सांग, मी तेव्हा पोरांचं नुकसान केलं का?" मी नाही म्हटलं. का नाही, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना हलकं वाटलं असतं, की तुझा राग आला असता, कुणास ठाऊक. तू उत्तर द्यायला नव्हतीस, म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे त्यांनी पुढं विचारलं असतं, साहेबांना हे सांगितलं कुणी? आणि ते शुद्ध मराठीतलं वाक्य माझं होतं.

आता मी तुझ्यापेक्षा वयानं मोठी झालेय. तू बंगल्यावर गेलीस याची लाज मला केव्हाच वाटेनाशी झाली. रस्त्यात मी मान वळवली, त्याची वाटते. दवाखान्यात गोळ्यांच्या वेळा विचारत बसले, त्याची वाटते. आणि लग्नात तो म्हातारा कॅप्टन काड्या कुणी केल्या म्हणाला तेव्हा माझ्या आईनं त्यांना वाचवलं असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही, त्याची तर फारच.

हे कुठं पाठवायचं नाहीच. मघाशी सून विचारून गेली, काय लिहिताय इतका वेळ? मी म्हटलं, वाण्याची यादी. एक गोष्ट मात्र तुझ्याजवळ बोलायची राहिलीय. अप्पांच्या टीमच्या गोष्टी मी नातवंडांना रंगवून सांगते. कोण कसा धावला, अप्पा कसे ओरडायचे, माती कशी उडायची. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. अव्वा, त्या वर्षातला एकही सामना मी बघितलेला नाही. तू दर वेळी चल म्हणायचीस, मी वह्या तपासायच्या आहेत म्हणायचे. वह्या शनिवारीच तपासून झालेल्या असायच्या. मी दार लावून आत बसून राहायचे आणि तू एकटीच जायचीस.