रावणाला उत्तर

९ नोव्हेंबर
मामाला गाठलं. देवळाच्या कट्ट्यावर विडा जमवत होता. म्हटलं, दिवाळीच्या बैठकीत मी अंगद होते, तुम्ही रावण. माझ्याच नाकातल्या आवाजात मला उत्तर दिलंत. अख्खं अंगण हसलं.
सुपारी कातरत म्हणाला, "ते रावण बोलला, वारिजा. मी कुठे बोललो?"
आमच्या ताळमद्दळेत वेष नाही, नाच नाही. बसायचं आणि पात्र होऊन बोलायचं, सुचेल तसं. पात्र जे बोललं त्याचा जाब उठल्यावर विचारायचा नाही. विचारायचा तर समोर बसून, पात्राच्याच तोंडून.
ठीक.

१४ नोव्हेंबर
मंगळूर. डॉक्टर शेणैंनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवलं. जन्मतः फाटलेली, लहानपणी शिवलेली टाळू आखूड पडली. घशाच्या मागच्या भिंतीला टेकतच नाही. हवा नाकात जाते — म्हणून प म्हणायला गेलं की म.
"मागच्या भिंतीची एक पट्टी सोडवून टाळूला शिवू. दोन्ही बाजूंना श्वासापुरती वाट ठेवू. घोराल थोडं."
बाहेर अम्मा म्हणाली, "चाळिशी आली. आता कोणासाठी हे?"
मी शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली.

२ डिसेंबर
झालं. मान वळत नाही. थुंकी गिळायची तर आधी मन घट्ट करावं लागतं. गार पेज. बोलायला बंदी.
मनात रावणाला सोडलेलं नाही.

७ डिसेंबर
मामा शहाळं घेऊन आला. अम्माला म्हणाला, "अक्का, घर कसं शांत वाटतंय." अम्मा हसली!
शहाळं प्यायले. सगळं.

१९ जानेवारी
भिंत झाली, पण जीभ जुन्याच वाटेनं जाते. बोलणं शिकवणाऱ्या लवीनाबाई नाकाखाली आरसा धरतात. "पापड म्हणा." नाकातल्या हवेनं काच धूसर झाली. "पुन्हा."
घरी मी पापड म्हणत नाही. मामाची नक्कल बसवते. त्याची नवी कवळी सैल आहे, स आला की शीळ वाजते. मग जिभेनं ती वर ढकलतो, आणि तेवढ्यात पुढचा शब्द सांडतो. हुबेहूब जमलंय.

२० फेब्रुवारी
काच कोरडी. पदं गाणाऱ्या भागवतांना फोन केला. म्हटलं, पुढच्या बैठकीत अंगद मी, रावण मामाच हवेत.
"आपण कोण?"
"वारिजा."
मग म्हणाले, "बाई, तो सोडायचा नाही तुला."
मला तरी कुठे सोडायचंय.

२६ फेब्रुवारी
बैठकीत मामाची नक्कल केली. अंगण लोटपोट. अम्मासुद्धा. मामा मांडी न हलवता बसून राहिला. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाला, "माझ्या दातांचं झालं, वानरा. आता तुझं बोल. ज्यानं तुझा बाप आडून मारला, त्याचाच निरोप घेऊन तू माझ्या दारात कसा?"
सगळे माझ्याकडे बघत होते. मामाही — खरंच ऐकायचं असल्यासारखा.
आवाज तयार होता. सांगायला काही नव्हतं.