युसूफभाईंची साक्ष

नाशिक, गुरुवार, ११ जानेवारी १९३४

दावा जिंकलो! नाटक कंपनीच्या मॅनेजरने माझ्या पडद्यांचे पैसे हप्त्यांनी चुकते करावेत, असा कोर्टाचा हुकूम झाला. अडीच वर्षं हेलपाटे घातले, वकिलाची नोटीस पाठवली, तरी हा ढिम्म. आज तर शपथेवर म्हणाला, "पडदे मला मिळालेच नाहीत." रंगवलेले सहा पडदे! पोचपावती घेतली नाही, हा गाढवपणा माझाच.

तारलं ते युसूफभाईंनी. मालेगावचे विणकर. पडद्यांचं कापड त्यांचंच. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी कापडाचे पैसे न्यायला आलो होतो. पडदे यांच्या गाडीत मी माझ्या हाताने चढवले." उलटतपासणीतही शब्द बदलला नाही.

कोर्टाबाहेर मी त्यांना चहाचा आग्रह केला. एकदा नव्हे, दोनदा. "नंतर घेऊ," म्हणाले. संध्याकाळी पंचवटीत घरी आणलं, तेव्हा हिनेच विचारलं, "भाऊ, तुमचे रोजे चालू असतील ना?"

मी शरमलो. माग बंद ठेवून, पहाटेच्या मोटारीने आलेला माणूस दिवसभर पाण्याच्या थेंबाशिवाय माझ्यासाठी उभा होता, आणि मी चहा पुढे करत होतो! दोनदा!

"सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"आज तुमचं काम होतं, मास्तर. त्यात माझं काय सांगायचं?"

दिवस मावळल्यावर हिने केळी आणि पाणी ठेवलं. ते सावकाश प्यायले.

त्यांच्यासाठी मी असा मालेगावला गेलो असतो का? कालपर्यंत बहुधा काहीतरी सबब काढली असती. आता बोलावणं आलं तर पहिल्या मोटारीने निघेन.