सासऱ्यांची मांडणी

१२ एप्रिल
पोचलो एकदाचे! नवी पेठेत, कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर, सासुरवाडीला. महिनाभर मुक्काम. सासरे, म्हणजे भीमाशंकरअप्पा, गेल्या वर्षी गेले, म्हणून लीलाला आईजवळ राहायचंय. मला काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस. वर सासूबाईंच्या हातची कडक भाकरी, शेंगांची चटणी. बेचाळीस डिग्रीत ही माणसं दुपारभर शटर ओढून घोरतात आणि त्याला धंदा म्हणतात!

अप्पांचा एक डबा सापडला. वाय-फायला जोडलेल्या डिस्क. घरातले सगळे व्हिडिओ त्यात, टीव्हीवर बघता यावेत म्हणून. येतात कसले! मेव्हणा सोमशेखर म्हणाला, दाजी, तुम्हीच बघा की. बघतो. कुणा शहाण्यानं कधीतरी बघायलाच हवं होतं.

१३ एप्रिल
हसावं की रडावं कळेना. जग वर्षाप्रमाणे लावतं, समारंभाप्रमाणे लावतं. अप्पांनी माणसागणिक एक फोल्डर केलंय: गुरम्मा (सासूबाई), सोमशेखर, शिवलीला (आमची लीला). 'राजस' कुठेच नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, पण परजातीच्या जावयाला साधं फोल्डर नाही! ठीक आहे. मलाही कुठे हौस आहे यांच्यात मोजलं जायची.

आणि एक थोरलं फोल्डर 'लिंगैक्य'. त्यात गेलेली माणसं. यांच्यात गेलेल्याला आडवं ठेवत नाहीत, कपाळाला भस्म, गळ्यात हार घालून बसवतात. आत पाच फोल्डरं, प्रत्येकावर एक चित्र, पाच खुर्च्या. शेवटच्या खुर्चीत अप्पा. सासूबाईंनी बजावलं, त्याला तेवढं हात लावू नगा जावईबापू, यांनी कुणालाच लावू दिला न्हाय. मी मान डोलावली. वाद कोण घालणार!

१४ एप्रिल
टीव्हीला जोडलेलं फोल्डर निघालं एकच: लिंगैक्य. म्हणजे या घरात टीव्हीवर यायचं तर आधी मरायला हवं. धन्य ते अप्पा!
चाचणीपुरतं लीलाचं फोल्डर उचलून त्यात टाकलं. लगेच टीव्हीवर दिसलं. दोन मिनिटांत परत काढणार होतो, तेवढ्यात जेवायला हाक आली. मग डुलकी. राहिलंच ते.

१५ एप्रिल
लीलाच्या फोल्डरवर तिच्या शाळेतल्या नाचाचं चित्र होतं. आज तिथे खुर्ची आहे. रिकामी, फुलांनी सजवलेली. हा डबा व्हिडिओतलं कुठलंही चित्र उचलतो, गाढवच तो. उद्या बघू.
भर दुपारी लीलानं चादर मागितली. या उकाड्यात! नखरे, दुसरं काय.

१६ एप्रिल
खुर्ची रिकामी नाही. लीला बसलीय. कपाळाला भस्म, मोगऱ्याचा हार, डोळे मिटलेले. असा व्हिडिओ कुणी कधी काढलेलाच नाही.
फोल्डर बाहेर ओढलं. 'परवानगी नाही.' मला? पंधरा वर्षं हेच काम करतोय मी!
लीला दोन चादरींत कुडकुडतेय. डॉक्टर म्हणाले ताप नाही, उलट अंग गार आहे. रक्त तपासलं, काही निघालं नाही.

१७ एप्रिल
डब्याची वायर उपटली. तरी टीव्हीवर ती बसलेलीच.
शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गेल्या वर्षी सोमशेखरनं चुकून त्यांचं फोल्डर आत टाकलं होतं. तीन दिवस त्या अशाच गार पडल्या. मग अप्पांनी स्वतःचं आत टाकलं, तेव्हा त्यांचं बाहेर आलं. संध्याकाळी अप्पा गेले. घरातलं एक आत जाईल तेव्हाच एक बाहेर येतं.
म्हणाल्या, माजं टाका, माजं जगून झालंय.
नाही टाकलं. चूक त्यांची नाही. माझी आहे. अडाणी मी आहे.

१८ एप्रिल, दुपार
लीला डोळे उघडत नाही. आज चौथा दिवस. तिच्याशिवाय मला कोण आहे — कुणी नाही.
डबा पुन्हा जोडला. नवं फोल्डर केलं. नाव 'राजस'. त्यात टाकायला माझा एकच व्हिडिओ सापडला, लग्नातला. जेवण आवडलं नाही म्हणून तोंड फुगवून बसलोय. तोच टाकला.
फोल्डर लिंगैक्यमध्ये ओढलं. परवानगी नाही, असं म्हणेल वाटलं. घरचा कुठे मी.
घेतलं.

तीन वाजले
तिचं बाहेर आलं. आपोआप. वर पुन्हा नाचाचं चित्र —
आतल्या खोलीतून लीला ओरडली, पंखा कुणी बंद केला गं! सासूबाई रडतायत.
माझी बोटं गार. पेन धरवत नाही.

टीव्हीवर सहावी खुर्ची. नाव माझं. अजून रिकामी — नाही — गुडघे दिसतायत —

लीला चहा घेऊन दारात उभी आहे. विचारतेय, एवढ्या उन्हात चादर कशाला घेतली. तिला सांगायचंय — अप्पांची मांडणी बरोबर होती — मीच शहाणा —